लायनीतलं शेवटचं घर

चौतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पर्वती जलकेंद्रातून निघालेलं,
लोखंडी चावीनं पहाटे साडेचारला गल्लीगल्लीत वळवलेलं.
किती आटे फिरवले की कुणाच्या टाकीत किती चढतं
हे मनगटाला पाठ होतं. डोक्याला कधी विचारलं नाही.

रिटायर झालो आणि उजवी पोटरी बोलायला लागली.
मंडईतून निघालो की बेलबागेपर्यंत ठीक,
सिटी पोस्टापाशी पिळा.
दोन मिनिटं उभं राहिलं की सुटतो,
तेवढंच चाललं की पुन्हा येतो,
हप्ते वसूल करणाऱ्यासारखा वक्तशीर.
थांबायचं तर काहीतरी बघत थांबावं लागतं.
मी दुकानांच्या पाट्या वाचायचो.
‘चौकशी कशाची करायची ते ठरवून चौकशी करावी.’
साडीच्या दुकानातला पोरगा मला गिऱ्हाईक समजून
रोज उठायचा, रोज बसायचा.

सुनेनं पाहिलं, नडगीवरचे केस गेलेत.
म्हटलं, गमबुटानं घासले असतील.
अंगठा गार लागतोय.
म्हटलं, थंडी आहे.
मे महिना होता.

रास्ता पेठेतल्या दवाखान्यात शाहीन मुजावर नावाच्या मुलीनं
दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला,
गार जेल लावून पेनासारखं यंत्र टेकवलं.
डाव्या पायात आवाज भरदार, ठोक्याठोक्यानं.
उजव्यात नुसती फुंकर.
मी डोळे मिटले. हा आवाज माझ्या ओळखीचा.
दाब कमी असला की नळ असाच बोलतो,
पाण्याआधी हवा.
“दंडाला एकशे चाळीस, घोट्याला ऐंशी,” ती म्हणाली,
“काका, घोट्याला निदान दंडाइतकं तरी यायला हवं.”

डॉक्टर परचुरे कागदावर चित्र काढायला लागले,
ही रोहिणी, हा तिचा आतला थर.
म्हटलं, राहू द्या.
जुना बिडाचा पाइप मी कापून पाहिलाय,
बाहेरून सहा इंची, आत गंजाच्या गाठी,
पाण्याला करंगळीएवढी वाट.
ते हसले. मग हसायचे थांबले.
“पाइप बिडाचा होता, घुले. तुमच्या बिड्या होत्या.
आणि हा एकच नाही तुंबत.
हृदयाला जाणारा, मेंदूला जाणारा,
सगळे त्याच सालचे.”

त्या रात्री अंगठा मोज्यात गुंडाळून बसलो
आणि अलका जंगम आठवल्या.
जनता वसाहत, चढावरची शेवटची खोली.
दर आठवड्याला तक्रार, दर वेळी माझं तेच,
बाई, लायनीचं टोक आहे तुमचं,
सोडणारा काय करणार?
चार आटे जास्त फिरवले असते
तर खालच्या बंगल्यांच्या टाक्या जरा उशिरा भरल्या असत्या.
एवढंच.
त्या कळशी घेऊन उभ्या राहायच्या.
ओरडायच्या तरी.
अंगठा निळसर पडून गप्प उभा आहे.

बिडी सुटली. सुटली म्हणजे
हात अजून खिशाकडे जातो, रिकामा परत येतो.
दोन गोळ्या, आणि चालणं.
दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला.
मला आधी थट्टाच वाटली.
म्हणाले, मोठी वाट तुंबली
की शरीर बारक्या गल्ल्या रुंद करतं,
पण मागणी लावून धरली तरच.
म्हणजे इथंही अर्ज. रोजचा.

कालव्याकडेनं विजेचे खांब मोजत चालतो.
श्रावणात सहाव्याला पिळा यायचा,
दिवाळीत नवव्याला.
पाइप तसाच आहे, डॉक्टर मला फसवत नाहीत.
आज अकराव्यापाशी थांबलो.
वाचायला पाटी नव्हती.
खाली कालव्यातून पाणी चाललं होतं कुणाच्या तरी नावाचं.
वाकलो, चपलेतून अंगठा बाहेर काढून चाचपला,
आणि इतक्या वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं ते
हळूच विचारलं,
आलं का हो, बाई, तुमच्याकडं?