तीन लाख बारा हजार चारशे आठ

बाजारातल्या सगळ्या गाड्या ऐंशी हजार धावलेल्या.
एकजात.
जणू जपानच्या बंदरातून निघतानाच
काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.
एकट्या पुरेवदोर्जच्या हायब्रिडच्या मीटरवर
तीन लाख बारा हजार चारशे आठ.
"आकडा मागे का नाही फिरवलात?"
तो मिशीवरचं बर्फ झाडत म्हणाला,
"बावीस वर्षं भूगोल शिकवला, बाई.
अंतर कमी करून सांगायला जीभ रेटत नाही.
पृथ्वीला पावणेआठ फेऱ्या झाल्यात हिच्या.
घ्यायची तर घ्या."

मामा म्हणायचा, घोडा घेताना आधी दात बघ,
मग खूर.
मालकाचे डोळे सगळ्यात शेवटी,
कारण फसायला होतं ते तिथेच.
मी बॉनेट उघडलं, बर्फात आडवी होऊन सायलेन्सर पाहिला,
मागच्या सीटच्या कडेला हात घातला,
जिथून बॅटरी श्वास घेते.
बोटांना लागला करड्या लोकरीचा बोळा
आणि कुणाच्या तरी मेंढीचा वास.
त्या बोळ्यापायी त्याने पाच लाख तुगरिक सोडले.
डोळे मी पाहिलेच नाहीत.

स्टिअरिंग उजवीकडे, आणि आमची वाहतूकही उजवीकडूनच.
पुढचा ट्रक ओलांडायचा तर रस्ता दिसतो
फक्त डावीकडे बसलेल्याला.
डावीकडे तेमुलेन, वय वर्षं नऊ.
"थांब आई."
"थांब."
"आता."
त्या एका "आता"वर मी ॲक्सिलरेटर दाबते.
त्याच्या बापाच्या शब्दावर
कधी इतकी बिनघोर निघाले नव्हते.

जानेवारीत पारा उणे अडतीस.
इंजिनावर नमद्याची गोधडी घातलेली, तरी पहाटे
समोर लाल त्रिकोण पेटला आणि विझेना.
ल्हामसुरेनचं गॅरेज म्हणजे एक जुना कंटेनर,
आत शेगडी, शेगडीवर चहा, चहात मीठ.
तिने बॅटरी सोडवून टेबलावर मांडली, अठ्ठावीस खणांची,
आणि एकेकाला तारा टेकवत गेली
नाडी बघावी तशी, न बोलता.
सातव्यापाशी थांबली. एकोणिसाव्यापाशी थांबली.
"हे दोघं बाकीच्यांना खाली ओढतायत."
तिने दोन खण काढले एका ठोकलेल्या गाडीतून आलेले.
"नवेच घाल ना," मी म्हटलं.
"भांडतील. जुन्यात जुनंच नांदतं."
मग पट्ट्यांवरचा हिरवा गंज घासता घासता,
"दोन हिवाळ्यांनी येशीलच परत. तेव्हा दुसरे कुणी मेले असतील."
पैसे अर्धे घेतले, अर्धे वहीत मांडले.

रोज सकाळी बटण दाबलं की गाडीतली बाई
जपानीत काहीतरी म्हणते, फार अदबीने.
आईने पहिल्या दिवसापासून तिला मान दिला.
चारही चाकांवर दूध शिंपडते,
आरशाला निळा खादा बांधलाय,
आणि त्या बाईचं बोलणं संपेपर्यंत
कुणाला दार लावू देत नाही.
वीजकेंद्रात माझ्या पाळीला एक मुलगी आहे, साप्पोरोला शिकलेली.
एका रात्री तिला घरी सोडताना ती फिस्सकन हसली.
"ती म्हणतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
आईला मी हे सांगितलेलं नाही.
सांगणारही नाही.
पडद्यावरच्या नकाशात आमचं शहर नाही,
नुसता पांढरा कागद, त्यावर आमचा बाण
सरसर कुठेतरी चाललेला असतो.
तेमुलेनने एकदा "घर" लिहिलेलं बटण दाबलं.
बाई बराच वेळ गप्प बसली.

परवा शांती पुलावर गर्दीत अडकले.
इंजिन आपोआप बंद झालं. हीटर तेवढा घुमत होता,
आणि पुढच्या बसच्या धुरात
मीटर सरकलं: तीन लाख वीस हजार सहाशे.
मी पुरेवदोर्जला फोन लावला.
"आठवी फेरी पुरी झाली, गुरुजी."
पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज.
हिशेब तपासून घेतला त्याने.
"बरोबर. आता कुठे आहात?"
"पुलावर," मी म्हटलं, "पाऊण तास झाला."