तिरका चार

पायसांदूत, नदीकाठच्या माझ्या शेडमध्ये
ओफेलियाबाईंनी गाडी ढकलतच आणली.
"ह्यांची. अडतीस सालची. सगळी अस्सल," म्हणाल्या,
"शनिवारी गिऱ्हाईक येतंय माँटेव्हिडिओहून.
त्याला तसा कागद हवाय."

बॉनेट उघडलं. रॉकेलचा बोळा घेऊन
ब्लॉकच्या डाव्या कुशीवर गोठलेलं तेल काढत गेलो.
आधी हिरवा रंग, त्याखाली काळा,
त्याखाली लोखंड,
आणि लोखंडातले आकडे
डोळ्यांआधी बोटाला लागले.
खडू घासून पुसला तसे पांढरे होऊन वर आले:
तीन, शून्य, सात, सात, एक
आणि शेवटी चार.

कारखान्यातले आकडे पलटणीसारखे उभे असतात,
सगळे एका खोलीचे.
हा चार डावीकडे कललेला,
पाय जास्तच रुतलेला,
दुसऱ्या घावाला हात कचरला असावा तसा.
आजूबाजूला कानशीच्या रेघा.
आणि खाली, कुणी न घासलेला ओतीव नंबर:
लॉरीचा.

लिहायचं ते एवढंच. पेन काढलं.

चौदा वर्षांचा होतो मी.
अनीबाल मालकांनी पंच हातात दिला,
हातोडी दिली, दार लोटून घेतलं.
"शेवटचा तू मार, विल्मार," म्हणाले,
"आणि विसर."
ओफेलियाबाईंचे यजमान दारापाशी
टोपी फिरवत उभे होते, बोटांमध्ये,
गोल गोल.

"लागला का पत्ता?" बाई विचारतात.
खडू अजून माझ्या बोटांवर.

"लागला," म्हणतो. "बसा जरा."