शाबूत पानं

ओल्द्रिखने चोवीस वर्षं ट्रामचे ब्रेक दुरुस्त केले
आणि निवृत्तीनंतर पाण्याखाली बाग लावली.
दोनशे लिटर. खिडकीपासून लांब, रेडिएटरच्या समोरच्या भिंतीला.
ॲन्युबियास लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधायचं,
खोड वाळूत पुरायचं नाही, सडतं,
हे त्याने इतक्या वेळा सांगितलं
की मी झोपेतही बांधू शकेन.

मासा मी आणला.
करंगळीएवढा, पिवळा, पाठीवर काळे पट्टे,
दोन डोळ्यांनी दोन दिशांना बघणारा केंड.
दुकानातल्या पोराने बजावलं होतं: झाडांबरोबर नको, बाई.
मी म्हटलं, माझा नवराही झाडांबरोबरच राहतो.

आमच्या भाषेत याचं नाव चारदात्या.
वर दोन, खाली दोन, मध्ये शिवण.
एकतीस वर्षं मी ब्रनोतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या केल्या,
मेणात उमटलेला चावा मी सहीसारखा ओळखते.
तर पहिल्याच सकाळी
सगळ्यात जुन्या पानाच्या कडेला
नीट, अर्ध्या चंद्राएवढा तुकडा गायब.
माझ्या तोंडून गेलं, काय सुरेख चावा आहे!
ओल्द्रिख फुगला.

मासा आमच्याकडे कधीच फुगला नाही, हे सांगायला हवं.
एकदाही नाही. ते काम घरात ओल्द्रिखच करायचा,
दोन दोन दिवस, सुपाच्या वाटीकडे बघत.
वहीत रोज भोकं मोजायचा:
मंगळवार, चार.
बुधवार, सहा, पैकी एक कोवळ्या पानाला.
मी वकिली करायची: तो गोगलगायीला चावतो रे,
पान मध्ये येतं.
'सायकलवाल्यांबद्दल आमचे ट्रामचालकही
हेच म्हणायचे.'

गोगलगायी मी वाढवायचे,
काकडीच्या लोणच्याच्या सात बरण्यांत, ओट्यावर.
नाताळात टबात कार्प, ओट्यावर गोगलगायी,
बैठकीत जंगल.
माझी बहीण व्लास्ता आली की उभ्यानेच कॉफी प्यायची.

फेब्रुवारीत त्याने वही मिटली.
वाटलं, कंटाळला.
मग एका रात्री, दिवा मालवल्यावर:
'लिबुशे.
अकरा दिवस झाले. एकही भोक नाही.'

मी टॉर्च घेऊन उठले.
पानं कधी नव्हती इतकी शाबूत,
दुकानाच्या काचेतल्यासारखी,
आणि त्यांच्यामध्ये तो, पोट खपाटीला,
गोगलगायीला तोंडाने नुसता ढकलत.
दात ओठांबाहेर, एकमेकांवर चढलेले.
आणि मी रोज सकाळी म्हणत होते, आज खाईल.
मी. एकतीस वर्षं.

चणे आहेत तर दात नाहीत, अशी माणसं मी पोत्याने पाहिली.
दातांपायी चणे सुटलेला
हा पहिलाच.

सकाळी वाडग्यात टाकीतलंच पाणी,
लवंगेच्या तेलाचे मोजके थेंब;
सगळ्या खोलीला माझ्या जुन्या नोकरीचा वास आला.
ओल्द्रिखने त्याला ओल्या फडक्यात धरलं,
गंजलेले नट सोडवणाऱ्या त्याच बोटांनी,
आणि डोळे मिटले. स्वतःचे.
बारीक चिमटा-कात्री. वर एकदा. खाली दोनदा.
तुकडे साखरेच्या दाण्याएवढे.
मग चांगल्या पाण्यात त्याचे कल्ले हलेपर्यंत
आम्ही दोघं टेबलापाशी,
श्वास रोखून, गाल फुगवून.

गुरुवारी मी पाव घेऊन आले तर
हा टाकीपुढे गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर.
'बूट राहू दे. इकडे ये. वरचं, उजवीकडचं.'
त्याचं लाडकं पान,
उलगडायला सहा आठवडे घेतलेलं.
कडेला एक भोक.
तो ते मला असं दाखवत होता
की जणू त्यानेच लावलं, त्यानेच वाढवलं.

जरा वाकडं होतं.
खालचा डावा मी थोडा जास्त कापला होता.
त्याला अजून सांगितलेलं नाही.