सातवा नमुना

दुपारी दोनपासून यंत्र दाबतंय, सोडतंय,
सेकंदाला पाच वेळा.
मालवणच्या तंत्रनिकेतनातली मागची खोली,
खिडकीला सुरूची चार झाडं,
आणि जेटीच्या जुन्या खांबातून कापून काढलेला
हा काँक्रीटचा दंडगोल,
दोन्ही टोकांना गंधकाची टोपी घातलेला.

एका दाबात मोडायला जेवढं लागतं
त्याच्या सत्तर टक्केच देतोय आम्ही.
तेवढ्यानं तो मोडत नाही.
म्हणून तर मोजत बसायचं.

सुरुवातीला भराभर दबतो, नव्या चपलेसारखा.
मग लाखभर वेळा काहीच होत नाही
असं दिसतं.
पडद्यावर वळशावर वळसा बसतो,
केसभर उजवीकडे,
केसभर अधिक कललेला.
आत खडीच्या कडेकडेनं सिमेंट हात सोडत असतं.

मुकादम मॅडमचं समीकरण भिंतीवर चिकटवलेलं:
शून्य म्हणजे अख्खा, एक म्हणजे गेला.
सातवा जाणार दोन लाख दहा हजारांवर,
रात्री पावणेदोनला.
मला डबा आणायला सांगून त्या घरी गेल्या.

साडेआठला वीज गेली.
एक लाख सतरा हजार.
जनरेटरला डिझेल नव्हतं.
भार उतरला, आणि काळोखात आम्ही दोघंच,
मी आणि तो.
डब्यात तिसऱ्यांचं सुकं होतं, ते खाल्लं.

आवशीनं एकोणीस वर्षं चुंबळीवर
बर्फाच्या पाट्या वाहिल्या याच जेटीवर.
तिसऱ्या पायरीला पाटी कठड्यावर ठेवायची.
"वायच टेकलंय काय परत उचलूक जमता."
मुकादम ओरडायचा.
मलाही ते निमित्तच वाटायचं.

नऊ दहाला वीज आली.
पहिला वळसा उमटला
तो मघापेक्षा केसभर सरळ.
मी चष्मा पुसला.

पावणेदोन झाले. तीन झाले.
सव्वापाचला फुटला,
उभा, वाळल्या ओंडक्यासारखा,
दोन लाख बासष्ट हजारांवर.

"एवढा फरक पडतोच," मॅडम म्हणाल्या,
"एका नमुन्यावरून काही म्हणता येत नाही."
तुकडा हातात फिरवला, खाली ठेवला.
दारापर्यंत गेल्या.
"किती वेळ गेली होती वीज?"

पावसाळी बंदीत दोन महिने
जेटीवर एक ट्रक फिरकत नाही.
त्या दिवसांचं अक्षर समीकरणात नाही,
मी पुन्हा वाचून पाहिलं.

आज आठवा लावलाय.
साडेआठ होत आलेत.
वीज आहे.
बटण माझ्या उजव्या हाताशी.