शेरा

पुंता अरेनासला जूनमध्ये साडेचारलाच अंधारतं.
शाळेत आता मी आणि हीटर,
एकोणतीस प्रगतिपुस्तकं,
आणि शेऱ्याच्या चौकटीत निवडायला
बारा तयार वाक्यं.

रोसारियो ओयार्सून: 'नीटनेटकी. सूचना पाळते.'
हे लगेच झालं.
खोडताना वहीचं पान फाटलं म्हणून
अख्खी मधली सुट्टी ती संडासात रडत होती,
त्याला वाक्य नाही.

नाहुएल बार्रिया.
वाऱ्याने मागचं दार निखळलं, तेव्हा
वडिलांच्या बोटीवरची गाठ मारून त्याने ते बांधलं,
भूगोलाच्या तासाला, न विचारता.
आणि एप्रिलमध्ये वर्गात तो एकटाच म्हणाला,
"बाई, फळा पुसताना तुम्ही गुणगुणायच्या. हल्ली नाही."
आईला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.
मी म्हटलं, हात वर करून बोल.

बारा वाक्यं पुन्हा वाचते.
सातवं त्याला बसतं,
म्हणजे बसवता येतं:
'लक्ष विचलित होते.'

दार अजून त्याच गाठीवर आहे.

परवा आईचं कपाट आवरताना
माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक निघालं.
'शांत मुलगी.' खाली दुहेरी रेघ.
आल्यागेल्याला दाखवायची ती.
अजूनही शिक्षकांच्या बैठकीत
माझा हात अर्ध्यापर्यंत जातो
आणि केस सारखे करून परत येतो.

पहारेकरी एलिसेओ दिवे मालवायला आला.
थांबा, म्हटलं.
मोठ्याने म्हटलं असणार,
बटणावरचं बोट तसंच ठेवून
तो माझ्याकडे बघत राहिला.