भिंतीची दुसरी बाजू

कपाट हललं तेव्हा कळलं.
तोवर त्या वासाचा आळ
नवऱ्याच्या फौंड्रीच्या कपड्यांवर होता.
उद्यमबागेतून येतात ते, तेलकट, काळे.
सोड्यात भिजवायची, दोनदा पिळायची.
वास त्यांचा नव्हताच.

कपाटामागं, कोपऱ्यापासून माझ्या कमरेपर्यंत
हिरवट काळं, मऊ.
बोट फिरवलं तर काजळासारखं बोटाला आलं.
खालच्या कप्प्यात लग्नातली शहापुरी साडी,
तिच्या काठावर पांढरे ठिपके,
विणकरानं न घातलेले.

सुमेधाला आषाढापासून खोकला.
सासरे म्हणाले, बर्फाचा गोळा.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, खडूची धूळ.
डॉक्टर म्हणाले, अॅलर्जी. कशाची विचारलं तर
'बघूया' म्हणत दुसरं सिरप लिहिलं.
नवरा म्हणाला, तू लई विचार करालीस.

दसऱ्याला तिला खानापूरला आईकडं नेलं.
आठ रात्री पोरगी गाढ झोपली,
मीच जागी, खोकला आता येईल म्हणून.
वडगावला परतलो.
दुसऱ्या रात्री, अडीचला, सुरू.

कुणाला काही बोलले नाही.
तिची शाळेची पेन्सिल घेतली,
डागाच्या कडेनं रेघ मारली, तारीख घातली.
पुढच्या रविवारी डाग रेघेच्या बाहेर.
परत रेघ.
सासरे बघत होते. म्हणाले,
'आमच्या गावात रेघा मारून
कुणाचं काय मिटलंय गं?'
आणि हसता हसता तेही खोकले.

घरमालक इरण्णा आला, दारातूनच बघितलं.
'चुना मारतो की. खरं भाडं वाढणार.'
चुना मारला.
दिवाळीपुरतं पांढरं राहिलं.

मग एका रात्री सुमेधा माझ्या कुशीत शांत
आणि खोकला तरी ऐकू येतोय.
कोरडा, तीन-तीनच्या ठेक्यात.
मी तिच्या छातीवर हात ठेवून बघितला.
खोकला भिंतीतून येत होता.

पलीकडं नीलव्वा.
दोन वर्षं आम्ही म्हणतोय, त्यांच्या न्हाणीचं पाणी मुरतंय.
दोन वर्षं ती म्हणतेय, आमच्या टाकीचं.
सकाळी गेले. ती रोट्टी बडवत होती.
माझं कन्नड बाजारापुरतं,
तिचं मराठी भांडणापुरतं.
मी भिंतीकडं बोट केलं.
तिनं पिठाच्या हातानंच ट्रंक ओढली.

तिथंही तेच. तेवढ्याच उंचीवर.
'बूष्टु,' ती म्हणाली.
'बुरशी,' मी म्हटलं.
तिचा मल्लू, पाच वर्षांचा, उंबऱ्यावर बसून
तोंडानं श्वास घेत होता.

शनिवारी गवंडी आला. भिंत फोडली.
आत एक गंजका नळ निघाला,
इथं मागाची शेड होती तेव्हाचा,
आमचाही नाही, त्यांचाही नाही.
थेंब, थेंब.
किती वर्षं, इरण्णालाही सांगता येईना.

नळ बंद केला. गिलावा इतक्यात नको,
महिनाभर वाळू दे, म्हणाला गवंडी.
तर सध्या भिंतीला वीतभर भोक आहे.
त्यातून रोट्टीचा धूर येतो, टीव्हीवरचं कन्नड येतं,
मल्लूनं ढकललेली एक गोटी आली.

खोकला? कमी आहे.
त्या भिंतीमुळंच होता का, डॉक्टर अजून 'बघूया' म्हणतात.

काल अडीचला सवयीनं जाग आली.
सुमेधाचा श्वास ऐकला, मग उठून
भोकाला कान लावला.
मल्लूचाही श्वास नीट चाललेला.
इतक्यात अगदी जवळ, भोकाच्या तोंडाशीच,
काकणं किणकिणली.