नावाचे वीस कमी

पुलाच्या अलीकडे मी मालवणी बोलते,
मधल्या खांबापाशी जीभ बदलते.
आयताराच्या न्हयबागच्या बाजारात
ज्या भाषेत विचारावं त्या भाषेतला भाव मिळतो,
आणि मराठीतला, खरं सांगते, सगळ्यात महाग.
म्हणून "कितलें गो?" म्हणतच शिरते,
पिशवीत पिशवी गुंडाळून.

पुरुमेताचे दिवस. चार महिन्यांची बेगमी
ताडपत्र्यांवर मांडलेली:
सुकी सुंगटं, सोलं, मिठातले आंबे,
आणि हरमलची मिरची,
जिच्यावरून शिंकत शिंकत
रोझालिनाशी मी दरवर्षी भांडते.
वाटा दीडशेचा. मी ऐंशी म्हणते.
ती शेजारणीकडे बघून हसते,
मी पाठ फिरवून पावलं मोजते, पाच.
सहावं टाकायचं नाही. सहाव्याला हाक येत नाही.
"आयली पळय शाणी!"
एकशे दहा. वर मूठभर, तिच्याच मुठीनं.

डोक्यावरून मोपाचं विमान जातं तेव्हा
आकडा सांगणाऱ्याचे नुसते ओठ हलतात.
अशा वेळी कधी मान डोलवू नये.

भांड्यांच्या रांगेत टोकाला निंगव्वा, बेळगावकडची.
नवं नॉनस्टिक देते, जुनं घेते, जुनं विकते.
कडीचा डबा उचलला. झाकण घट्ट, एक पोचा नाही.
"अडीचशे, अक्का."
पालथा केला, नखानं वाजवला,
भोक शोधायला उन्हाकडे धरला.
भोक नव्हतं. ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं:
चि. सौ. कां. शालन हिस, विजू परुळेकर, सातार्डा. १४-५-८९

कोरणारा अक्षराला चार आणे घ्यायचा.
"प्रेमपूर्वक" गाळून
मी सव्वा रुपया वाचवला होता.

निंगव्वाला वाटलं, नावावर अडले.
"नाव हाय म्हणून थांबलीस काय?
नावाचे वीस कमी करतो, घे की."

कुठला गं हा?
तिनं हनुवटी तोरश्याकडे केली.
"घर रिकामं करत होते. सगळं किलोवर घातलं."
कोण होतं घरात?
"पोरगा होता. घाईत होता."
अजून कोण?
ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला परात दाखवत होती.

दोनशे तीस.
मी तोंड उघडलं आणि, देवा, सवय बघा,
"दोनशे" निघालं.
पाठ मात्र फिरवली नाही.
पावलं मोजायला गेले असते आणि चुकले असते तर?
निंगव्वानं माझ्याकडे नीट पाहिलं.
"दोनशे दहा. सुट्टे दे."

मिरच्या त्यातच भरल्या.

पुलाच्या तोंडाशी अबकारीचा शिपाई
पिशव्या चाचपतो, बाटली लागते का बघतो.
डब्याचं झाकण त्याला निघता निघेना,
निघालं तेव्हा तो चार वेळा शिंकला.
मग नाक पुसत, उगाचच, बूड वाचलं.
"शालन म्हणजे तुमी?"

"व्हय," म्हटलं.
झाकण लावलं, डबा काखेत घेतला,
पूल चालायला लागले.
सहाव्या पावलापाशी
जरा थांबले.